सोयाबीनला आजी नव्हती

मी रहाटणीतून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून माझं काम हिशोबाच्या वह्या, बँकेची कागदपत्रं आणि मालाची विक्री यांच्याभोवती फिरतं. आज मात्र मी पचनाबद्दल बोलणार आहे. पोटात जे पचतं ते बाहेर, काचेच्या नळीत मोजायला माणसं कशी शिकली, आणि त्यात आपल्याकडच्या एका बाईंचा वाटा काय होता, त्याची ही हकिगत आहे. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता, त्यामुळे सनावळ्या सांगायची खोड आहे. सांभाळून घ्या.

विषय सुचला तो एका चुकीतून, आणि चूक आमच्याच गटाची. दोन वर्षांपूर्वी आम्ही मुलांसाठी पौष्टिक पीठ करायला घेतलं. नाचणी, डाळं, शेंगदाणे आणि सोयाबीन. पाकिटावर छापलं होतं, 'कोमट दुधात कालवून द्यावे.' प्रशिक्षणात सांगितलं होतं की सोयाबीन आधी उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवायचं, मग वाळवायचं, मगच दळायचं. पहिल्या दोन खेपांना तसंच केलं. तिसऱ्या खेपेला श्रावणाची झड लागली. उकळलेलं सोयाबीन वाळेना, त्याला वास सुटला, सगळं फेकावं लागलं. सिलिंडरही संपत आला होता. मग बैठकीत ठरलं, या वेळी सोयाबीन नुसतं पुसून, पंख्याखाली ठेवून दळू. ठराव वहीत आहे आणि त्याखाली माझीही सही आहे.

आठवड्याभरात तीन आया पाकिटं परत घेऊन आल्या. कुणाच्या मुलाचं पोट फुगलेलं, कुणाला जुलाब. गटातल्या सगळ्यात वडील मावशी मला म्हणाल्या, "वाल कधी कच्चे खाल्लेत का गं आपण? मग हे कसं कच्चंच दळलंत?" मी म्हटलं, "मावशी, सोयाबीन कुठं वाल आहे?" त्या म्हणाल्या, "दाणाच ना तो?"

दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी एक शब्द सांगितला, ट्रिप्सिन. तो शब्द घेऊन मी वाचायला बसले.

आपण डाळ, अंडं, दूध खातो त्यातली प्रथिनं म्हणजे मण्यांच्या लांब माळा असतात. माळ आतड्यातून रक्तात जात नाही, सुटे मणी जातात. माळ तोडायचं काम करतात पाचक विकरं, ज्यांना आपण एन्झाइम म्हणतो. त्यातलं एक महत्त्वाचं म्हणजे ट्रिप्सिन. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो, त्याच्या रसातून ते लहान आतड्यात येतं. ट्रिप्सिनला अडकित्ता समजा. आता कच्च्या सोयाबीनमध्ये, वालात, घेवड्यात असा एक पदार्थ असतो जो या अडकित्त्याच्या पात्यांत जाऊन खड्यासारखा अडकतो. सुपारी समोर पडलेली असते आणि अडकित्ता मिटत नाही. शास्त्रज्ञ त्याला ट्रिप्सिन रोधक म्हणतात. झाडानं तो आपल्या बीजाच्या रक्षणासाठी ठेवलेला असतो, कारण आपलं बी कुणी खाऊन पचवू नये असंच झाडाला वाटणार.

पण हे डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. मग कळलं कसं?

पचन मोजण्याची सुरुवात एका अपघातातून झाली. १८२२ मध्ये अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण मजुराला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटाला पडलेलं भोक कधी पुरतं बुजलं नाही. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर विल्यम बोमाँट रेशमी दोऱ्याला मांसाचा तुकडा बांधून त्या भोकातून जठरात सोडत आणि घड्याळ बघून बाहेर काढत, किती विरघळला ते पाहायला. त्या माणसाला काय वाटत असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. पण तासावर आणि तुकड्यावर पचन मोजणं तिथून सुरू झालं. बोमाँटनी तो जठररस बाटलीत घेऊन, ऊब देऊन, त्यातही मांस विरघळतं का ते पाहिलं. विरघळलं. पोटाचं काम पोटाबाहेर करता येतं, हे त्यातून कळलं.

पुढे १८७६ मध्ये जर्मनीत विल्हेल्म क्यूने यांनी स्वादुपिंडाच्या रसातल्या त्या विकराला ट्रिप्सिन हे नाव दिलं. १९१७ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी दाखवलं की कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ नीट होत नाही आणि शिजवलेल्या सोयाबीनवर होते. कारण मात्र तेव्हा माहीत नव्हतं. ते उलगडायला आणखी पंचवीस-तीस वर्षं लागली. १९४५ मध्ये मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधला तो अडवणारा पदार्थ स्फटिकांच्या रूपात वेगळा काढला. खडीसाखरेचा खडा धरावा तसा तो आता हातात धरता येत होता.

आता आपल्या बाईंकडे येते. त्यांचं नाव कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवत तुम्हाला माहीत असतील, १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष, आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या. कमलाबाई त्यांच्या धाकट्या बहीण. घरात वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेतून सुरुवातीच्या काळात बाहेर पडलेले. मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला अव्वल आलेल्या कमलाबाईंना वाटलं, आपणही तिथेच जाऊ. १९३३ साल होतं. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्ज करणारी मुलगी होती.

कमलाबाई बंगळूरला गेल्या आणि नकार मान्य नाही म्हणून त्यांच्या कार्यालयापुढे सत्याग्रहच मांडला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावं लागेल. आणि पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होईल असं वागायचं नाही! ही तिसरी अट मी आमच्या गटात वाचून दाखवली तेव्हा पहिल्यांदा सगळ्या हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. आपल्यापैकी किती जणींना पहिल्या बैठकीला जाताना घरातून असंच काहीतरी ऐकावं लागलं होतं.

त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक होते, पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत काम चाले. कमलाबाईंनी दुधातली आणि कडधान्यांतली प्रथिनं हा विषय घेतला. वर्षभरात रामन यांचं समाधान झालं, त्यांना नियमित केलं गेलं आणि संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठीही उघडलं. कमलाबाईंनी मात्र तो पहिला अपमान कधी विसरला नाही. म्हातारपणीही त्या तो बोलून दाखवत. मला हे आवडतं. मोठ्या माणसानं पुढे चांगलं केलं म्हणून आधीचं वाईट पुसून टाकायची आपल्याला फार घाई असते.

१९३६ मध्ये एम.एस्सी., मग केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी नावाचा, श्वसनाच्या कामातला घटक सापडला. तिथे पोचल्यापासून चौदा महिन्यांत, चाळीसच पानांचा प्रबंध देऊन १९३९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. केंब्रिजची विज्ञानातली पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. चाळीस पानं ऐकून मला धीर आला. आमचे अहवाल याहून मोठे असतात आणि त्यात सांगण्यासारखं पानभर सापडत नाही.

परत आल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा. १९४७ मध्ये लग्न होऊन मुंबईला आल्या आणि काळ्या घोड्याजवळच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायन विभागात रुजू झाल्या. तिथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जे काम केलं ते थेट आपल्या ओट्यावरचं आहे. भारतीय खाण्यातल्या भाज्या आणि कडधान्यं एकेक घेऊन, कशात किती ट्रिप्सिन रोधक आहे ते त्यांनी मोजलं. १९५५ मध्ये 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांनी एका सहकाऱ्यासह छोटासा लेख छापला. विषय काय, तर वाल आणि डबल बी यांतून स्फटिकरूपात काढलेले ट्रिप्सिन रोधक. आपल्या बिरड्यातला वाल. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेत सोयाबीनचं जे झालं, ते मुंबईत वालाचं झालं.

आता मोजतात कसं, हे सांगते, कारण मला स्वतःला तेच सगळ्यात जास्त आवडलं. त्या काळी रुळलेली पद्धत अशी. दुधातलं प्रथिन, केसीन, पाण्यात विरघळवून घ्यायचं. त्यात ठरलेल्या मापाचं ट्रिप्सिन घालायचं आणि नळी अंगाच्या उबेइतक्या, म्हणजे सदतीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवायची. एकवीस नाही, एकोणीस नाही. वेळ संपली की एक तीव्र आम्ल घालायचं. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं तसं न तुटलेलं केसीन गोळा होऊन खाली बसतं, आणि ट्रिप्सिननं तोडलेले बारीक तुकडे वरच्या पाण्यात राहतात. ते पाणी गाळून घ्यायचं. त्यात किती तुकडे आहेत हे प्रकाश टाकून किंवा निळा रंग आणणारं रसायन घालून मोजतात. तुकडे जास्त, तर अडकित्ता चालला जोरात.

मग दुसरी नळी. सगळं तेच, फक्त आधी ट्रिप्सिनमध्ये कच्च्या वालाचा अर्क मिसळायचा. आता तुकडे कमी पडले, तर जेवढे कमी पडले तेवढी वालाची अडवण्याची ताकद. तिसऱ्या नळीत वाल शिजवून त्याचा अर्क. आणि आणखी एक नळी असते, ती माझी लाडकी. तिच्यात आम्ल आधीच घालून ठेवतात आणि ट्रिप्सिन नंतर, म्हणजे काहीच तुटायला सवड मिळत नाही. तरीही यंत्र थोडा आकडा दाखवतंच. तो आकडा बाकी सगळ्यांतून वजा करायचा. आपण तूप विकताना रिकाम्या डब्याचं वजन वजा करतो ना, तेच. जी बाई डब्याचं वजन धरत नाही तिच्या हिशोबावर आपण विश्वास ठेवत नाही, आणि प्रयोगशाळेतही हाच कायदा आहे.

अशा मोजमापांतून जगभरात हळूहळू जे पक्कं झालं ते असं. ओल्या उष्णतेनं, म्हणजे पाण्यात किंवा वाफेवर शिजवल्यानं, हा रोधक बहुतेक मोडतो. कोरड्या उष्णतेनं तितका नाही. भिजवल्यानं आणि मोड आणल्यानं काही कडधान्यांत तो थोडा उतरतो, पण शिजवण्याची बरोबरी होत नाही. कच्चं सोयाबीन खाणाऱ्या उंदरांत आणि कोंबडीच्या पिलांत स्वादुपिंड मोठं झालेलं आढळलं, कारण अडकित्ते अडकून बसले की शरीर आणखी अडकित्ते घडवायला लागतं आणि ते घडवण्यातच प्रथिनं खर्ची पडतात. म्हणजे पौष्टिक म्हणून खायचं आणि घरचंच घालवायचं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आमच्या पाकिटांनी मुलांना जो त्रास झाला तो सगळा ट्रिप्सिन रोधकाचाच, असं मी म्हणणार नाही. सोयाबीनमध्ये पोटात वायू धरणाऱ्या साखराही असतात, आणि पावसाळ्यात मुलांची पोटं तशीही बिघडतात. पण कच्चं दळून लहान मुलाला कोमट दुधात देणं चूक, एवढं नक्की.

कमलाबाईंचं काम वालापाशी थांबलं नाही. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडमाडाच्या नीरेवर संशोधन केलं, कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना तिचा काय उपयोग होतो ते तपासलं, आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ज्या संस्थेत नोकरी केली तिच्या त्या पुढे पहिल्या महिला संचालक झाल्या. मुंबईच्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेत, जी नऊ बायकांनी सुरू केली होती, त्या हिरिरीनं काम करत, तिच्या अध्यक्षही होत्या आणि तिच्या 'कीमत' या मासिकातून लिहीत. १९९८ मध्ये दिल्लीत त्यांचा सत्कार होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्या दिवसांत गेल्या.

त्यांच्यानंतरही हे मोजणं आपल्याकडे चालू राहिलं, आणि त्यातली एक युक्ती मराठवाड्यातली आहे. १९९४ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी रोधक शोधायला चक्क एक्स-रेची फिल्म वापरली. फिल्मवर जिलेटिनचा लेप असतो आणि जिलेटिन हे प्रथिनच. ट्रिप्सिन पडलं की ते लेप खाऊन टाकतं आणि फिल्म तिथे नितळ होते. जिथे रोधक असेल तिथे लेप शाबूत राहतो. महागडं यंत्र नको, कोमट पाण्याखाली फिल्म धुतली की पट्टे समोर दिसतात.

हीच युक्ती पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, पुढे वापरली गेली. रहाटणीहून औंधमार्गे पाषाणला जाताना ती लागते. मी कितीदा त्या फाटकावरून गेले आहे, आत घाटेअळीचं पोट तपासत असतील असं कधी मनातही आलं नाही. प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता, अशोक गिरी आणि त्यांचे सहकारी अळीचं आतडं बर्फावर काढून, वाटून, त्यातली विकरं किती जोरात प्रथिन तोडतात ते मोजत. हरभऱ्याच्या दाण्यातही रोधक असतो, मग घाटेअळी हरभरा फस्त कशी करते? १९९८ मध्ये त्यांनी उत्तर छापलं: हरभऱ्याचा रोधकच ती पचवून टाकते. खडा अडकवला तर अडकित्ता खडाच फोडतो. पुढच्या वर्षी त्यांनी दाखवलं की अळी एरवी ज्यावर जगत नाही अशा झाडांचे रोधक, उदाहरणार्थ चौधारी घेवड्याचे, तिला जास्त जड जातात आणि तिची वाढ खुंटते. पण एकाच रोधकावर भागत नाही, अळीच्या पोटात तऱ्हेतऱ्हेचे अडकित्ते असतात. मावळात, खेडला ज्यांनी हरभरा केला आहे त्यांना या अळीचा चिवटपणा वेगळा सांगायला नको.

आता मावशींचा प्रश्न. वाल कच्चे खाऊ नयेत हे मावशींना कुणी मोजून सांगितलं नव्हतं. त्यांच्या सासूनं भिजवायला, मोड आणायला, सोलायला आणि मऊ शिजवायला शिकवलं, तिला तिच्या सासूनं. किती पिढ्यांची पोटं दुखली असतील तेव्हा ते बिरडं ठरलं. पण सोयाबीन आपल्या शेतात आलं ते गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत, तेही तेल आणि पेंडीच्या भावासाठी. त्याला आपल्या स्वयंपाकघरात आजीच नव्हती. अशा दाण्याबद्दल विचारायचं तर प्रयोगशाळेलाच विचारावं लागतं. आजीला सगळं ठाऊक होतं असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही, आणि आजीला काही कळत नव्हतं म्हणणाऱ्यांशी तर मुळीच नाही.

आमच्या गटातल्या एकीचे मिस्टर कोंबडीखाद्याच्या धंद्यात आहेत. त्यांनी सांगितलं, सोयापेंड नीट भाजली गेली का ते बघायला त्यांच्याकडे सोपी चाचणी आहे. सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं आणखी एक विकर असतं, ते साधारण तेवढ्याच उष्णतेला मरतं. ते जिवंत आहे का ते बघायचं, म्हणजे रोधकाचाही अंदाज येतो. युरियाच्या पिवळसर पाण्यात पीठ भुरभुरायचं; कच्चं असेल तर लाल ठिपके उठतात. त्यांनी आमची तीन पिठं ताटलीत टाकून दाखवली. न उकळलेलं पीठ थोड्याच वेळात लालभडक झालं. दहा मिनिटं उकळलेल्यावर ठिपके होते. पंचवीस मिनिटांच्या पिठावर शोधून दोन-चार सापडले. सगळ्या जणी वाकून बघत होत्या. मावशींनी चष्मा लावून लाल ताटली बराच वेळ न्याहाळली.

त्या रात्री वहीत नवा ठराव लिहिला: सोयाबीन पंचवीस मिनिटं उकळल्याशिवाय दळायचं नाही, उकळण्याची वेळ आणि करणारीचं नाव प्रत्येक खेपेला लिहायचं, आणि जून ते सप्टेंबर हे पीठ करायचंच नाही. शेवटच्या कलमाला दोघींचा विरोध नोंदवला आहे, कारण ते चार महिने त्यांच्या हातात दुसरं काम नसतं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. वाळवणाच्या यंत्राचं कोटेशन आलं आहे, रक्कम आमच्या सगळ्या शिलकीहून जास्त आहे. पुढच्या मंगळवारी त्यावर बैठक आहे.